रिकाम्या उतारावरची हाळी

सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर त्या रस्त्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवलंय : गुळगुळीत डांबर, दाट झाडी, एकही गाडी नाही, एकही माणूस नाही, जरूर जा. खाली अंगठे, बदाम आणि हेल्मेट घातलेल्या लोकांचे फोटो.

एकही माणूस नाही. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. माणूस का नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. डोंगरातला रस्ता आपोआप शांत होत नसतो. तो शांत करावा लागतो. आधी धरणानं खालची गावं घेतली. मग जंगल राखायचं म्हणून वरच्या वाड्या उठवल्या. ज्यांच्या पायांनी ती वाट पडली त्यांना भांड्याकुंड्यांसकट टेम्पोत घातलं आणि सांगलीकडच्या उसात नेऊन सोडलं. झाली शांतता. या आता, चालवा सायकल.

असो. हे पत्रक नाही, हे मला माहीत आहे. पण मी पत्रकं लिहूनच लिहायला शिकले, त्यामुळे हात तिकडं वळतो. मला एका माणसाबद्दल लिहायचं आहे.

रस्ता कुठला ते सांगणार नाही. कोयनानगरकडं जाताना एका वळणावर फुटतो आणि डोंगर चढायला लागतो, एवढंच. नाव लिहिलं की रविवारी तुम्ही गाडीच्या टपावर सायकली बांधून हजर व्हाल. माणसाचंही नाव लिहीत नाही. एकदा मी ते पत्रकात छापलं होतं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, नीट घडी घातली आणि उजव्या चपलेत सारलं. चपलेचा खिळा वर आला होता.

"लय उपेगी पडलं गं तुजं पत्रक," म्हणाले.

सगळे त्यांना आबा म्हणायचे. मीही तेच म्हणते.

आबांची लेक उंब्रजला आमच्याच बोळात राहते. माझ्या घराचं दार आणि तिचं दार समोरासमोर. आबा स्वतः राहायचे पलूसकडच्या पुनर्वसन वसाहतीत. महिन्यातनं एकदा तरी ते पलूसहून सायकल मारत लेकीकडं यायचे, मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी डोंगराच्या दिशेनं निघायचे. हायवेवर चाक घालायचे नाहीत. शेतातनं, ओढ्याकाठनं, देवळामागनं जाणाऱ्या आतल्या रस्त्यांनी जायचे. कुठल्या पुलाखालनं सायकल निघते, कुठल्या गावातली कुत्री अंगावर येतात, हे त्यांना ठाऊक. पण कुणी विचारलं, की आबा, मलाही सांगा की हा रस्ता, तर म्हणायचे, "तुला कुटं जायाचंय ते आदी ठरीव. रस्ता घिऊन काय करतूस?"

सायकल काळी, डबल दांडीची, पुढं लोखंडी हूक लावलेली. त्या हुकाला दोन पिशव्या. दोन्ही रिकाम्या. जातानाही आणि येतानाही.

ही सायकल ते कधी उभी ठेवायचे नाहीत. कुणाच्याही दारात गेले की आधी सायकल जमिनीवर आडवी टाकायचे आणि मग रामराम. कोयनेच्या अंगाला जमीन अधूनमधून हलते. वाडीत असताना भिंतीला टेकवलेली सायकल रात्रीत पडायची, पायडल वाकायचं. तेव्हापासूनची ही सवय. पलूसच्या सपाट उसात जमीन हलत नाही, हे त्यांना पटवायचा प्रयत्न लेकीनं सोडून दिला होता.

"आवं आबा, दारात आडवी नका टाकू, पोरं अडकून पडत्यात."

"उभी ठिवली तर ती पडंल. पडल्यालीला कोण पाडतंय?"

"शेजारी हसत्यात."

"हसूं दे. त्येंची बी पडंल कवातरी."

लेक कपाळाला हात लावायची आणि मी आमच्या दारातनं हसायची. तेव्हा मला ते गमतीशीर म्हातारे वाटायचे. आमची संघटना म्हणजे आम्ही चार-पाच जण आणि उधारीवर न बोलणारा एक झेरॉक्सवाला. विस्थापितांच्या प्रश्नावर काम करत होतो. मला भाषण करणारा माणूस हवा होता. हे बोलायचेच नाहीत. वसाहतीत तर त्यांना लोक मागनं "मुका" म्हणायचे.

त्या वसाहतीत मी गेले आहे. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. वाडीत ज्यांचा उंबरा उंबऱ्याला लागून होता ते इथं एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. शेजारी भलत्याच वाडीचा. आजूबाजूचे बागायतदार यांना अजूनही "धरणवालं" म्हणतात, आपल्या बांधावरनं जाऊ देताना तोंड वाकडं करतात. ऊस वाढला की वसाहतीतनं काहीच दिसत नाही. आबा ओट्यावर बसलेले असायचे. मी विचारलं, "आबा, इथं करमत नाही का?"

"करमतंय की. पर समोर कायबी दिसंना. हिकडं बी ऊस, तिकडं बी ऊस. नजर उसावर जाऊन आपटती आन माघारी येती."

त्या दिवशी त्यांच्याकडनं एवढंच निघालं. मी वहिनीकडं, म्हणजे त्यांच्या सुनेकडं चहा प्यायले आणि परत आले.

ते डोंगरात जाऊन करतात काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. लेकीला वाटायचं जुनं घर बघून येतात. मग एकदा मी भावाची गिअरची सायकल घेतली आणि म्हटलं, मी येते. नको म्हणाले नाहीत. ये म्हणालेही नाहीत. मी मागनं चालवत राहिले.

डोंगराच्या पायथ्याला एक मोठं गाव आहे, तिथं आठवड्याचा बाजार भरतो. आदल्या रात्री त्या गावात देवळात पाठ टेकली आणि बाजाराच्या दिवशी सकाळी वर निघालो. चढाला आबा सायकलवर बसत नाहीत. सायकल ढकलत चालतात. मी गिअर टाकून पुढं गेले, धाप लागून थांबले, तोवर ते मागनं येऊन मला ओलांडून गेले. असं दोन-तीनदा झाल्यावर मीही उतरले.

वर जाताना ते गप्प. अगदी वसाहतीतल्यासारखे. रस्त्याच्या दोन्ही अंगाला घरांची जोती होती. फक्त जोती. दगडांचे चौकोन, त्यात कारवी माजलेली. मला सवयीप्रमाणे संताप येत होता आणि मी बोलत होते, कायदा, मोबदला, हक्क. आबा पुढं चालत होते.

सगळ्यात वरचं जोतं त्यांचं. तिथं जाऊन त्यांनी सायकल आडवी टाकली, जोत्यावर बसून पाणी प्यायले, तोंडावर हात फिरवला. मग उठले. टोपी काढून झटकली आणि परत घातली. आणि उतार सुरू झाला तसा हा माणूस एकदम वेगळाच झाला.

पहिल्या जोत्याच्या जरा अलीकडं ते सायकलवरनं उतरले. चालत दारासमोर आले, म्हणजे जिथं दार असेल तिथं. आणि मोकळ्या, खणखणीत आवाजात हाळी दिली,

"आवं काकी! बाजाराला चाललोय. काय आणायचं हाय का?"

समोर कारवी. एक पाखरू उडालं. आबा थांबले. पिठाचा हात धुऊन बाईमाणूस दारात यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबले. मग मान हलवली आणि सायकल घेऊन पुढं.

दुसऱ्या घरापाशी पुन्हा तेच. "ए दाजी! हाईस का? काय आणायचं का बाजारातनं?" थांबले. गेले पुढं. तिसरं घर. चौथं.

वाडीत सायकल फक्त आबांकडं होती. त्यांचं घर सगळ्यात वर. त्यामुळं बाजाराला जाताना वाटेवरच्या प्रत्येक दारात विचारत खाली जायचं आणि येताना पिशव्या वाटत वर यायचं, हे त्यांचं ठरलेलं काम. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं. पण डोंगरातल्या वाड्यांत ही रीतच होती, बाजाराला निघालेल्यानं दार टाळायचं नाही. भांडण असलं तरी विचारायचं. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्या दारात नाव न घेता, दुसरीकडं बघत विचारायचं. हे मला आबांनी उतरताना सांगितलं. उतारावर ते बोलत होते! मी जन्मात इतकं त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं.

एका घरापुढं हाळी देऊन ते लगेच निघाले, थांबले नाहीत. मी म्हटलं, इथं का नाही थांबलात? तर पुढच्या वळणापलीकडं जाऊन सायकल धरून उभे राहिले, मान मागं वळवून.

"ही म्हातारी आदी कवाच सांगायची न्हाई. 'काय नकू बाबा' म्हणायची. आन मी वळणावर आलो की मागनं हाळी, 'आरं ए, सुया आण!' समद्या वाडीला ऐकू जायाचं. म्हणून हितं थांबायला लागतं."

आणि थांबले ते. खालच्या दरीतनं वाऱ्याचा आवाज येत होता. रस्ता इतका शांत होता की सायकल जराशी हलली तरी चाकातला छरा वाजलेला ऐकू येत होता. त्या शांततेत एक म्हातारा सुयांची वाट बघत उभा.

मला ते सहन झालं नाही. पुढच्या घरापाशी त्यांनी विचारलं, "काय आणायचं हाय का?" आणि मी मागनं आवाज बदलून ओरडले, "मीठ आणा, आबा!"

ते गर्रकन वळले. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं.

"तू त्या घरची हाईस का?"

"नाही आबा, मी आपलं..."

"मग तू कशाला ओ दिलीस? आन मीठ? त्या घरात वर्साचं मीठ भरल्यालं आसायचं! मीठ ती कवाच सांगत न्हवती. सांगायची तर तंबाकूची पानं. त्येबी नवरा घरात नसताना."

मी म्हटलं, "चुकलं." ते पुढं चालायला लागले, चार पावलं गेल्यावर परत म्हणाले, "मीठ म्हणं!"

खाली येऊन आबा बाजारात शिरले. सगळा बाजार फिरले. सुकट विकणारी एक बाई होती, तिच्यापाशी बसून सुकट ताजं आहे का, वाळू आहे का, विचारलं. सुया बघितल्या. तंबाखूच्या पानांचा वास घेतला. विकत काहीच नाही. पिशव्या रिकाम्याच हुकाला. सुकटवाली ओळखीची होती. ती मला हळूच म्हणाली, "दर डावाला येत्यात, बाय. मी म्हणती, एवढं इचारताय तर घ्या की मूठभर. तर म्हणत्यात, आज त्येंनी सांगितलं न्हाई."

मी त्यावर पत्रक लिहिलं. लिहिणारच. तेच ते चपलेत गेलेलं.

मग त्या रस्त्यावर फाटक आलं.

रस्ता चांगला डांबरी झाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माणसं असताना ज्या वाटेवर खडी पडली नाही, तिथं माणसं उठवल्यावर डांबर. पायथ्याला लोखंडी फाटक, शेजारी पहारेकऱ्याची खोली आणि मोठा रंगीत फलक : निसर्गरम्य शांत सायकल मार्ग. मोबाईलवरनं आधी नोंदणी करून यायचं. फलकावर नकाशा. प्रत्येक वळणाला नवीन नाव, सूर्यास्ताचं ठिकाण, फुलपाखरांचं वळण. सुया मागणाऱ्या म्हातारीचं जोतं होतं तिथं "विश्रांती थांबा" लिहिलंय.

आबा पुढच्या बाजाराच्या सकाळी फाटकापाशी गेले. पहारेकरी खालच्याच गावचा तरुण पोरगा. तो म्हणाला, "आबा, मला सोडायला काय? पर कॅमेरा हाय वर. नोंदणी लागती."

आबा परत आले. उंब्रजला लेकीच्या दारात सायकल आडवी टाकली आणि जेवले नाहीत.

आता मात्र मी पेटले. निवेदनं, सह्या, वर्तमानपत्रात बातमी. आमच्या संघटनेनं असं ठरवलं की मूळ गावकऱ्यांना या रस्त्यावर कधीही, कुठलीही नोंदणी न करता जायचा हक्क मिळालाच पाहिजे. शेवटी वनखात्याच्या साहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. साहेब तरुण, बोलायला नीट. मी आबांना घेऊन गेले. खुर्ची दिली त्यांना.

मी माझं सगळं बोलून घेतलं. साहेबांनी ऐकलं. मग म्हणाले, "मूळ ग्रामस्थांच्या भावना आम्ही समजतो. देवाच्या जत्रेच्या दिवशी सगळ्यांना मुक्त प्रवेश देतो. लेखी देतो."

मी म्हटलं, "वर्षातनं एक दिवस? आपल्याच गावाला?"

तेवढ्यात आबा म्हणाले, "साहेब, मला जत्रंला न्हाई जायाचं."

"मग?"

"बाजारादिवशी जायाचंय."

"वर काय काम असतं तुमचं बाजाराच्या दिवशी?"

"बाजार इचारायचा आस्तू."

"कुणाला?"

"घरांस्नी," म्हणाले.

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. साहेब हसले नाहीत, हे मी कबूल करते. ते पुढं वाकून सावकाश म्हणाले, "बाबा, वर आता कुणी राहत नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"

"व्हय की. मीच समद्यांचं सामान टेम्पोत चढीवलं. मला म्हाईत नसंल व्हय? मी काय येडा न्हाई."

"मग कुणाला विचारायचं?"

"आता साहेब, दारावरनं जायाचं आन इचारायचं न्हाई? तुमच्यात चालत आसंल. आमच्यात न्हाई चालत."

साहेबांनी पेन टोपणात घातलं. शेवटी जत्रेचा एक दिवसच लेखी मिळाला. मी तो कागद टेबलावर तसाच ठेवून उठले आणि बाहेर येऊन सांगितलं, की आम्ही ही भीक नाकारतो. लढा चालू राहील. आबा व्हरांड्यात सायकल उचलत होते.

"म्हंजी मला कवा जाता येणार?" त्यांनी विचारलं.

"आपण जिंकू, आबा. मान ताठ ठेवून जाल. नोंदणी करून नाही."

"व्हय, पर कवा?"

मी म्हटलं, लवकरच.

त्यानंतर बरेच बाजार गेले. आबा उंब्रजपर्यंत यायचे, लेकीच्या ओट्यावर बसायचे, बाजाराचा दिवस गेला की परत पलूसला जायचे. एकदा मला म्हणाले, "तिकडं आता गवात झालं आसंल गं. जोती दिसंना झाली तर कुटं थांबायचं, त्येच कळायचं न्हाई." मी त्यांना सांगितलं की आम्ही मोठं आंदोलन करतोय. शहरातल्या एका सायकल क्लबनं त्या रस्त्यावर सामुदायिक राइड ठेवली होती, नेमकी बाजाराच्या दिवशी. बरेच लोक येणार होते, कॅमेरे येणार होते. फाटकाबाहेर आम्ही फलक घेऊन उभे राहणार होतो. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही आमच्या पुढं उभं राहायचं. ज्याचा रस्ता तोच बाहेर, आणि शहरातले आत. सगळ्यांना दिसू दे."

ते काही बोलले नाहीत. ते सहसा बोलायचेच नाहीत, त्यामुळे मी होकार धरला.

त्या सकाळी आम्ही आठ-दहा जण फाटकाबाहेर उभे. धुकं होतं. माझ्या हातातल्या फलकावर लिहिलं होतं, "आमच्या वाटेला नोंदणी कसली?" गाड्या लागत होत्या, सायकली उतरत होत्या, कुणी केळी खात होतं, कुणी चाकात हवा बघत होतं. काही जण आमच्याकडं बघून आदरानं मान हलवत होते, ते मला जास्तच झोंबत होतं. मी आबांची वाट बघत होते.

ते मला रांगेत दिसले. आत जाणाऱ्यांच्या रांगेत. सदऱ्यावरनं त्यांनी क्लबचा पिवळा टी-शर्ट घातला होता, तो पोटावर घट्ट बसला होता. छातीवर पिनांनी नंबर लावलेला. डोक्यावर टोपी आणि टोपीवर कुणाचंतरी हेल्मेट, पट्टा गालावर लोंबत होता. हातात काळी सायकल, हुकाला दोन पिशव्या. लेकीनं स्वतःच्या मोबाईलवरनं त्यांची नोंदणी केली होती. मला सांगितलं नव्हतं. माझ्या दारासमोर राहून सांगितलं नव्हतं.

मी धावत जाऊन त्यांच्या सायकलच्या पुढं उभी राहिले.

"आबा, हे काय? अहो, तुम्हीच आत गेलात तर आम्ही कशासाठी भांडतोय? सगळं संपलं मग. आम्ही इथं तुमच्यासाठी उभे आहोत!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. चिडले नव्हते.

"माज्यासाटी हुबी हाईस तर बाजूला हो," म्हणाले.

मी बाजूला झाले. काय करणार? शिट्टी वाजली, फाटक उघडलं, पिवळे टी-शर्ट आत गेले. आबा सगळ्यांत मागं, सायकल ढकलत. धुक्यात दिसेनासे झाले.

आम्ही घोषणा दिल्या. आमच्या घोषणा ऐकायला बाहेर पहारेकरी पोरगा एकटाच उरला होता. त्यानं आम्हाला पाणी आणून दिलं. ऊन वर आलं तशी आमची माणसं एकेक करून चहाला गेली. मी फाटकापाशीच थांबले. वरनं हाळी ऐकू येते का, हे मी ऐकत होते. तिथला आवाज खालपर्यंत येतो, मला माहीत होतं. हसण्याचे आवाज येत होते. शिट्ट्या येत होत्या. कुणीतरी गाणं लावलं होतं, ते वळणावळणानं जवळ येत गेलं.

सायकली सुसाट बाहेर पडायला लागल्या. तोंडं लाल, आनंदी. एक मुलगी मला म्हणाली, "खूप शांत आहे हो वर, तुम्ही पण जाऊन या ना."

सगळे गेल्यावर आबा आले. चालत. हेल्मेट हुकाला अडकवलेलं.

मी विचारलं, "आबा? विचारला बाजार?"

त्यांनी आधी सायकल आडवी टाकली. मग छातीवरचा नंबर काढायला लागले. पिना काढायला बोटं चालेनात, मी काढून दिल्या.

"न्हाई," म्हणाले.

"का?"

"मानसं हुती गं. एकेका दारात धा-धा जण. कोण खातंय, कोण फोटू काडतंय. एकजण तर काकीच्या जोत्यावर पाय ठिवून बुटाची नाडी बांदत हुता. त्येंच्या म्होरं कसं इचारायचं? हासली आस्ती."

"तुम्ही सांगायचं की त्यांना, ही घरं आहेत म्हणून!"

"एका पोरीनं इचारलं. चांगली हुती पोरगी. 'काका, हे काय आहे?' म्हणली."

"मग?"

आबांनी टी-शर्ट डोक्यावरनं ओढून काढला. आत सदरा घामानं भिजला होता. टी-शर्टची त्यांनी नीट घडी घातली.

"म्हणलं, दगडं हायती."

मला खूप बोलायचं होतं. शब्दही होते, माझ्याकडं शब्द कधी कमी नसतात. पण त्यांनी घडी माझ्या हातात दिली, सायकल उचलली आणि पायथ्याच्या गावाकडं निघाले. मी फलक तिथंच टेकवला आणि मागनं गेले.

बाजार भरला होता. आबा बाजाराच्या तोंडाशी आले आणि थांबले. सुया, पानं, सुकट, सगळं जिथल्या तिथं होतं. सुकटवालीनं लांबनं बघितलं आणि हात केला.

"या की आबा! किती दिसांनी! बसा. आज काय बघताय?"

ते तिच्यापर्यंत गेले नाहीत. रस्त्यातच उभे राहिले, एक पाय पायडलवर.

"आज कुणाला इचारलंच न्हाई बाय," ते म्हणाले आणि सायकलवर बसले. बाजाराच्या गर्दीतनं घंटी वाजवत, कुठंही न उतरता, ते सरळ पलीकडं निघून गेले.